सायलेन्सरचा डाग, पोटरीचा चटका



मृग लागला की आपल्या वऱ्हाडात मोटारसायकलचा बैल होतो. बियाण्याची थैली, खताचं पोतं, फवारणीचा पंप, पाण्याची कॅन, भाकरीचा डबा, आणि या सगळ्याला धरून मागे बसलेली बाई. त्यात पाऊस आला की वरून प्लास्टिकचा रेनकोट नाहीतर मेणकापड. वावरातून घरी येऊन उतरलं की नाकाला जळका वास येतो. वाकून पाहावं, तर रेनकोटचं टोक सायलेन्सरला चिकटून बसलेलं असतं. रेनकोट ओढला की फाटतो आणि एक काळा, चिकट पट्टा त्या चकचकीत नळीवर राहून जातो.

आमच्या गटातल्या एका सखीचं असंच झालं. गाडी पोराची होती, नवीन होती, हप्ते चालू होते. पोरगा रागावेल म्हणून तिनं त्याच रात्री तारेची घासणी घेतली. ती सांगत होती, "मले वाटलं, तारेनं घासलं का निंगून जाईन. डाग गेला वं बाई, पण संगं चमकही गेली." मग पोरानं गाडी धुवायला दिली. तिथल्या माणसानं उरलेल्या डागावर संडास धुवायचं ॲसिड टाकलं. दिवाळीपर्यंत त्या जागी तांबेरा चढला होता.

हे सगळं ती हसत सांगत होती. शेवटी तिनं साडीचा काठ थोडा वर केला आणि पोटरीवरचा जुना काळपट डाग दाखवला. म्हणाली, "अन् हा बी त्याच दिवसचा. पण याचं कोणी इचारलं नाही, म्या बी सांगतलं नाही." मग दुसरीनं आपला पाय दाखवला, मग तिसरीनं.

म्हणून आज आम्ही दोन्ही डागांबद्दल बोलणार आहोत. सायलेन्सरचा डाग गाडीचं नुकसान न करता कसा काढायचा, हे आधी सांगतो. तोच डाग आपल्या अंगावर का येतो आणि आला तर काय करायचं, हे त्यानंतर.

चिकटतं काय आणि का?

गाडीच्या इंजिनात पेट्रोल जळतं आणि तो गरम धूर नळीतून बाहेर पडतो. इंजिनापासून निघणारी नळी सर्वात जास्त तापते. मागचा जाड भाग, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो, तो त्यापेक्षा कमी तापतो. पण कमी म्हणजे थंड नव्हे. पाणी १०० अंशाला उकळतं. किराणा दुकानातली साधी पातळ पिशवी साधारण ११० अंशाला वितळते. खताचं विणलेलं पोतं १६० च्या आसपास वितळतं. नायलॉन २२० च्या वर आणि पॉलिएस्टर २५० च्या वर. म्हणजे सायलेन्सरला पिशवी चिकटली तर नळी भाजीच्या उकळत्या रश्शापेक्षा गरम होती, आणि साडीचा काठ चिकटला तर त्याच्या दुपटीहून जास्त तापलेली होती, असं समजा.

आपल्या कपाशीचं मात्र वेगळं आहे. सुती कापड वितळत नाही. ते करपतं, फार तापलं तर पेटही घेतं, पण पातळ होऊन चिकटत नाही. घरात पोळी भाजताना आपण तवा धरायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेतो, नायलॉनचा घेत नाही. हा सगळा आजचा विषय त्या एका तुकड्यात आहे. सायलेन्सर पुसायला सुती कापडच घ्यायचं आणि गाडीवर बसतानाही सुती बरं, असं आम्ही का म्हणतो ते पुढे लक्षात येईल.

ती चमक म्हणजे काय?

सख्यांनो, पितळेच्या गंजाला कल्हई करतात हे आपल्या आईनं, आजीनं पाहिलं आहे. आत पितळ आणि वर कथलाचा पातळ थर. कल्हईचं भांडं कोणी विटकरीच्या भुकटीनं घासलं तर आजी ओरडायची, कारण कल्हई निघून जायची. सायलेन्सरची चमक तशीच वरची आहे. आत लोखंड, म्हणजे पोलाद, असतं. त्यावर वीज वापरून निकेल नावाच्या धातूचा थर चढवतात आणि अगदी वर क्रोमचा थर. आपल्या एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांवर मुलामा चढवतात, तसंच हे काम.

हा क्रोमचा थर किती जाड असतो? आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीचे शंभर भाग केले, तर त्यातला जेमतेम एक भाग, कधी त्याहूनही पातळ. क्रोम स्वतः फार कडक आहे आणि त्याला तांबेराही चढत नाही. पण त्याला खोल ओरखडा पडला किंवा भेग गेली की पाणी आत शिरतं आणि खालचं लोखंड गंजू लागतं. वरून आपल्याला बारीक तपकिरी ठिपके दिसतात.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा. चिकटलेल्या डागापेक्षा कडक, पण क्रोमपेक्षा मऊ अशाच वस्तूनं खरवडायचं. लाकूड, बांबू, पितळ, खायचा सोडा, सुती कापड हे चालतं. तारेची घासणी, विळा, ब्लेड, पॉलिश पेपर, वाळू, विटकर हे चालत नाही.

आधी हेही पाहून घ्या की तुमच्या गाडीला क्रोम आहे का. नळीत आरशासारखं तोंड दिसत असेल तर बहुधा क्रोम आहे. आता बऱ्याच गाड्यांचे सायलेन्सर काळे, रंग दिलेले असतात. त्या रंगावर पितळही वापरू नका, फक्त बांबू आणि सोडा.

काय करू नये

पहिलं म्हणजे ॲसिड. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये क्रोम विरघळतं. डाग जाईल, पण ज्यावर डाग होता तेही जाईल. तसंच तेलकट शेगडी साफ करायचे कडक कॉस्टिकवाले फवारे. ते हातांना, डोळ्यांना भाजतात आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमला खातात.

दुसरं, गरम नळीवर पेट्रोल किंवा रॉकेलचा बोळा कधीच फिरवू नका. भडका उडायला वेळ लागत नाही.

तिसरं, "त्याले काय होते, गाडी पयवली का जयून जाते" असं घरात कोणीतरी म्हणतंच. जळून काही जात नाही. वितळलेलं प्लास्टिक करपून आणखी कडक होतं आणि त्याचा धूर आपल्याच छातीत जातो. काही रेनकोट आणि चपलांचे तळ पीव्हीसीचे असतात. ते जळाले तर धुरात आम्लाची वाफ असते, घशाला आग होते.

चौथं, तापलेल्या नळीवर एकदम थंड पाणी ओतू नका. वाफेनं हात भाजतो.

पाचवं, गरम असताना घाईनं ओढू नका. चिकटलेला रेनकोट ओढला की वितळलेला भाग तारेसारखा लांबतो आणि मनगटावर येऊन चिकटतो. गाडी बंद करा, नळी पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी. मग रेनकोट हळूच सोडवा.

डाग काढायची रीत

सामान घरातलंच आहे. बर्फ किंवा गार पाणी, बांबूची कामटी, पितळेची जुनी पळी किंवा चमचा, खायचा सोडा, भांडी घासायचं साबण, जुन्या सुती कापडाचे चार तुकडे. फावल्या दिवशी सकाळी बसा. गाडी सपाट कडक जागेवर मोठ्या स्टँडवर लावा, चावी काढून पदराला बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

जाड थर असेल तर आधी थंडीनं काढायचा. गार नळीवर बर्फाचे खडे कापडात बांधून दहा मिनिटं धरा. गावात बर्फ मिळत नसेल तर माठाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं पुन्हा पुन्हा ठेवा. गार झालं की प्लास्टिक ताठ होतं आणि धातूवरची पकड सोडतं. मग बांबूची कामटी एका बाजूच्या कडेखाली घाला आणि नळीला आडवी धरून पुढे रेटा. मधून टोचायचं नाही, कडेपासून उचलायचं. खरवड तळापासून उचलतो ना, तसं. बऱ्याचदा मोठा तुकडा पापुद्र्यासारखा सुटून येतो.

पातळ, चिकट थर राहिला तर गरमीनं काढायचा. हे काम मोकळ्या अंगणातच करा. बंद खोलीत, गोठ्यात, दार लावलेल्या पडवीत गाडी चालू ठेवू नका. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासानं कळत नाही आणि त्यानं माणूस बेशुद्ध होऊन जीव जाऊ शकतो. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा आणि बंद करा. चाक फिरत असताना किंवा इंजिन चालू असताना हात लावायचा नाही. बोटानं पाण्याचा एक थेंब नळीवर सोडा. थेंब तडतडून उडाला तर नळी फार गरम आहे, थांबा. थेंब शांतपणे, हळूहळू सुकला तर बेताची गरम आहे. आता जाड सुती कापडाची चार पदरी घडी हातात धरा आणि मऊ झालेलं प्लास्टिक कामटीनं एका दिशेला सारत जा. प्रत्येक वेळी कामटी पुसून घ्या, नाहीतर तेच प्लास्टिक पुढे पसरतं. नळी निवली की पुन्हा एकदा गाडी चालू करा. दोन-तीन फेऱ्या लागतात.

शेवटी जो पिवळट, धुरकट पातळ थर उरतो, त्यासाठी नळी पूर्ण गार करा. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून भज्याच्या पिठाइतकं घट्ट कालवा, डागावर लावा, दहा मिनिटं राहू द्या आणि ओल्या सुती कापडानं गोल गोल चोळा. सोडा नसेल तर साधी पांढरी टूथपेस्ट चालते. त्यानंतर साबणाच्या पाण्यानं धुवा आणि कोरड्या कापडानं पुसा. पाणी तसंच राहिलं तर त्याचे डाग पडतात.

पुसून झाल्यावर गाडी पुन्हा पाच मिनिटं चालू करा. थोडा धूर निघाला तर घाबरू नका, उरलेला साबण किंवा चिकटपणा सुकतो आहे. वास येतच राहिला तर कुठेतरी तुकडा उरला आहे. बहुतेक वेळा तो नळीच्या खालच्या बाजूला, नजरेआड असतो.

डागापरी डाग

साडीचा किंवा ओढणीचा काठ चिकटला असेल तर तो एवढ्या गरमीनं सुटत नाही, कारण नायलॉन-पॉलिएस्टर फार उशिरा वितळतं. तिथे थंडीनं ताठ करून पितळी पळीची कड वापरा. पितळ क्रोमपेक्षा खूप मऊ असतं, त्यामुळे ओरखडा पडत नाही. उलट पितळाचीच पिवळी रेघ नळीवर उमटते. ती सोड्यानं पुसली जाते.

नेलपॉलिश काढायचं पाणी लावून पाहावं का, असं काही मुलींनी विचारलं. पिशवीचं प्लास्टिक आणि नायलॉन त्यात विरघळत नाही. शिवाय ते चटकन पेट घेतं. पैसे वाया घालवू नका.

डांबराचे थेंब ही आपल्या भागातली जुनी कटकट. रस्त्याचं काम चालू असलं की दिसेल तिथे उडतात. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ तुम्हाला आठवत असेल. जून २०२२ मध्ये लोणीपासून माण्यापर्यंत ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. डांबर हे प्लास्टिक नव्हे, ते तेलाच्या जातीचं आहे. म्हणून त्याला तेलच काढतं. नळी गार असताना खायचं तेल कापसाच्या बोळ्यानं लावा, पंधरा मिनिटं ठेवा, पुसा. पुन्हा लावा, पुन्हा पुसा. मग साबणानं चांगलं धुवा, कारण तेल राहिलं तर गाडी तापल्यावर धूर होतो आणि त्या जागी नवा तपकिरी डाग पडतो.

इंजिनाजवळच्या नळीवर निळसर-सोनेरी झाक दिसते, ती मात्र डाग नाही. फार तापून धातूचाच रंग बदललेला असतो. ती घासून काढायला जाऊ नका.

आणि क्रोम आधीच गेलं असेल, तांबेरा दिसत असेल तर? बारीक ठिपके असतील तर अन्नाला गुंडाळायची चंदेरी फॉइल पाण्यात भिजवून तिचा बोळा हलक्या हातानं चोळा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते आणि वरवरचा गंज निघतो. मोठा चट्टा असेल तर गंज साफ करून उष्णता सहन करणारा चंदेरी रंग लावून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात तसाच मागा. साधा ऑइलपेंट चार दिवसांत फुगून निघतो.

डाग कोणत्या बाजूला आहे ते पाहा

सख्यांनो, डाग काढून झाला तरी तो कुठे पडला होता ते विसरू नका.

आपण साडीवर एका बाजूला पाय सोडून बसतो. पाय डावीकडे असतात. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो. म्हणजे तो आपल्या पाठीमागे येतो. आपल्याला तो दिसत नाही, आणि पदराचं टोक, ओढणी, रेनकोटची मागची बाजू, हातातली पिशवी त्याच बाजूला लोंबते. डाग मागच्या भागावर असेल तर समजा, पदर किंवा रेनकोट मोकळा होता. डाग मधे, पायदानाजवळ असेल तर पोतं किंवा पिशवी खाली आली होती. डाग पुढे असेल तर चालवणाऱ्याचा रेनकोट किंवा चपलेचा तळ.

आज जिथे पदर टेकला, तिथे उद्या पोटरी टेकू शकते. पाय दोन्हीकडे टाकून बसणाऱ्या मुलींची उजवी पोटरी अगदी नळीजवळ असते. उतरताना त्या उजवीकडे उतरल्या की चटका बसतो. म्हणून चढणं आणि उतरणं डाव्या बाजूनंच, ही सवय घरातल्या प्रत्येकीला लावा. अंगणात गाडी लावताना सायलेन्सर भिंतीकडे आणि मोकळी बाजू अंगणाकडे ठेवा. रांगतं, नुकतं चालायला लागलेलं लेकरू गाडीला धरून उभं राहतं, आणि त्याचे हात नेमके त्या नळीच्या उंचीवर येतात.

डाव्या बाजूचा धोका वेगळा आहे. तिथे चेन आणि चाक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे, मागे माणूस बसायची सोय असलेल्या गाडीला धरायला हँडल, पाय ठेवायला पायदान आणि मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकणारी आड असावीच लागते. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. पोरं गाडी छान दिसावी म्हणून तो काढून टाकतात. तो परत बसवायला सांगा. नळीवर जी उष्णतेची आड, म्हणजे भोकं असलेली पट्टी असते, तिचे स्क्रू ढिले झाले असतील तर घट्ट करून घ्या.

ओढणीबद्दल आम्ही जरा रागावूनच सांगतो. नळीला चिकटली तर ओढणी जाते. चाकात गेली तर गळा आवळतो. बसण्याआधी ओढणी पुढून कमरेला बांधा, नाहीतर घडी करून पिशवीत ठेवा. पदर पाठीवरून पुढे घेऊन खोचा. पावसाळ्यात पायघोळ मेणकापडापेक्षा पॅन्ट-शर्टासारखा रेनकोट बरा. पोतं बांधायचंच असेल तर उजव्या बाजूला खाली लोंबू देऊ नका. शक्य असेल तिथे सुती कपडे घाला. नळीचा चटका सुतीतूनही बसतो, पण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल जाते.

चटका बसला तर

आता त्या दुसऱ्या डागाचं. आम्ही विचारलं तेव्हा एकीनं टूथपेस्ट लावली होती, एकीनं हळद-तेल, एकीनं निळी शाई, एकीनं माती. सख्यांनो, टूथपेस्ट सायलेन्सरला चालते, पायाला नाही. या सगळ्यांनी आतली गरमी आतच राहते, जखम चिघळू शकते आणि दवाखान्यात ते घासून काढताना दुप्पट त्रास होतो.

करायचं ते असं. लगेच साध्या गार वाहत्या पाण्याखाली भाजलेला भाग धरा. पूर्ण वीस मिनिटं. घड्याळ पाहा, कारण दोन मिनिटांतच बरं वाटतं आणि आपण उठतो. नळ नसेल तर तांब्यानं धार धरा, विहिरीचं स्वच्छ पाणी चालेल. वाटेत पाणी मिळालं नाही आणि घरी यायला तास-दोन तास लागले, तरी पाणी टाका. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ थेट लावू नका, त्यानं कातडी आणखी खराब होते.

पाणी टाकतानाच पैंजण, जोडवी, बांगड्या काढून ठेवा. सूज आली की त्या रुततात. कातडीला प्लास्टिक किंवा कापड चिकटलं असेल तर ओढू नका. त्यावरूनच पाणी टाका आणि तसंच दवाखान्यात जा. सायलेन्सरवरून जे हळूहळू कामटीनं काढायचं, ते अंगावरून आपण काढायचंच नाही. फोड फोडू नका. स्वच्छ, धुतलेलं सुती कापड सैल झाकून घ्या.

भाजलेली जागा आपल्या तळहाताहून मोठी असेल, चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांगावर असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडून तिथे काही जाणवतच नसेल, किंवा लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल, तर घरी उपचार नकोत. आशाताईला कळवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. मोठी इजा असेल तर १०८ ला फोन करा. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. त्यांना चटका बसल्याचं कळतही नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. अशा आईला, सासूला गाडीवरून उतरल्यावर पाय पाहायला सांगा.

आमची ती सखी दवाखान्यात गेली नव्हती. पेरणीचे दिवस होते, म्हणाली, "एवढ्याशासाठी कोन जाते?" जखम दोन महिने वाहत होती आणि ती तशीच निंदायला जात होती. सायलेन्सर मात्र दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीला गेला होता.

म्हणून येत्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करा. हिशेबाची वही मिटली की पाच मिनिटं काढा आणि बाहेर लावलेल्या गाड्यांपाशी जा. साडीगार्ड आहे का, आड घट्ट आहे का, नळीवर डाग आहेत का, आणि ते कुठे आहेत, हे पाहा. डाग दिसला तर ती सखी कुणीकडे बसते आणि पदर कुठे असतो, तेही विचारा. डाग काढायची रीत तिला सांगा. आणि तिचा पाय कसा आहे, ते विचारायला विसरू नका.